काकांची मार्कलिनची पेटी आणि सहा बाय चारचं जर्मनी

आधी प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. पुण्याच्या एका दादांना त्यांच्या काकांची जुनी पेटी मिळालीय, मार्कलिन या जर्मन कंपनीच्या खेळण्यातल्या रेल्वेची. काका १९७० च्या दशकात स्टुटगार्टला नोकरीला होते, येताना पेटी घेऊन आले आणि नंतर ती जी माळ्यावर गेली ती आत्ता उतरली. आत एक छोटं काळं टँक इंजिन (पाणी-कोळसा स्वतःच्याच अंगावर वाहणारं), चार पत्र्याचे डबे, मालाच्या काही वाघिणी, ढीगभर पत्र्याचे रूळ आणि एक निळा ट्रान्सफॉर्मर. जागा आहे सहा बाय चार फूट. प्रश्न तीन: हे चालू होईल का, तीन रुळांची सिस्टिम ठेवू का विकून दोन रुळांची घेऊ, आणि जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरात बीआर ०१ इंजिन (बीआर म्हणजे इंजिनाची जात) लावून राइनगोल्ड एक्सप्रेस पळवायचीय ते जमेल का.

पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं ठेवा, तिसऱ्याचं नाही. आता सविस्तर, आणि तिसऱ्यावरच जास्त बोलणार आहे कारण माझी पहिली चार वर्षं त्याच हट्टात गेली.

सगळ्यात आधी, तो निळा ट्रान्सफॉर्मर प्लगला लावू नका. लावला असेल तर काढा. त्या काळचे ते २२० व्होल्टचे आहेत, वायरीचं इन्सुलेशन आता कडक होऊन तडकलेलं असतं, वाकवलं की आतली तार दिसते, आणि बाहेरची पेटी पत्र्याची. शिवाय मार्कलिनच्या जुन्या एसी सिस्टिममध्ये इंजिन उलटं फिरवायला २४ व्होल्टचा एक झटका देतात. आपल्याकडे रात्री व्होल्टेज २५० ला गेलं की तोच झटका २७ च्या वर जातो, जुनं इंजिन ते कसंबसं सहन करेल पण डीकोडर (डिजिटल कंट्रोलचा छोटा सर्किट) बसवलेलं नवीन इंजिन त्याच रुळावर उभं असेल तर डीकोडर मेलाच समजा. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये, एक डीकोडर असाच घालवलाय, नवीन होता, आठवडाही झाला नव्हता. ट्रान्सफॉर्मर शोकेसमध्ये ठेवा, दिसतो छान, आणि चालवायला त्याच सिस्टिमचा नवीन २३० व्होल्टचा घ्या. व्होल्टेज आणि ५० हर्ट्झ दोन्ही जर्मनीत आणि आपल्याकडे सारखंच आहे, फक्त अमेरिकेतून कोणी ११० चा आणून दिला तर नको म्हणा.

आता इंजिन. तीन चाकजोड्या, बुटकं, काळं आणि खाली लाल चाकं म्हणताय म्हणजे बहुतेक बीआर ८९ आहे. याची गंमत अशी की खऱ्या ८९.० मालिकेची फक्त १० इंजिनं बनली होती, पण मार्कलिनने त्याचं मॉडेल दशकानुदशकं विकलं आणि स्टार्टर सेटमधून ते घराघरात गेलं, त्यामुळे खऱ्यात दुर्मिळ आणि खेळण्यात रस्त्यावर पडलेलं असा उलटा प्रकार झालाय. फ्रेम ओतीव धातूची, चांगलं जड. चाळीस-पन्नास वर्षं पडून राहिल्यावर त्याला एकच आजार असतो, जुनं तेल सुकून डिंक झालेलं असतं. वरची बॉडी काढा, मोटरचं बाजूचं झाकण दोन स्क्रूंवर असतं ते काढा, आत दोन ब्रश दिसतील, एक कार्बनचा आणि एक तांब्याच्या जाळीचा, कुठला कुठे होता त्याचा फोटो आधी काढून ठेवा. आयसोप्रोपाइल अल्कोहोलने सगळं धुवा, कॉम्युटेटरच्या (ब्रश टेकतात त्या फिरत्या तांब्याच्या भागाच्या) फटीतली काळी घाण टूथपिकने काढा, टाचणीने नाही, ओरखडा पडतो. मग तेल, सुईच्या टोकावर मावेल तेवढंच. आपल्याकडे शिलाई मशीनसारखं तेल सोडायची सवय असते, ते जादा तेल फिरत फिरत कॉम्युटेटरवर येतं, तिथे जळतं आणि परत तोच डिंक. चाकाला रबरी रिंग असेल तर ती नक्की कडक झालीय, बदला.

उलट फिरवायचा झटका दिल्यावर इंजिन दिशा बदलण्याऐवजी बेडकासारखी उडी मारत असेल तर घाबरू नका, आतल्या रिलेची (दिशा बदलणाऱ्या स्विचची) स्प्रिंग जास्त ताणलेली आहे, अगदी किंचित सैल करायची. आणि पळता पळता मधेच आपोआप दिशा बदलत असेल तर स्प्रिंग ढिली पडलीय. हे जमायला एक दुपार जाते, पण जमलं की इंजिन पुढची वीस वर्षं बोलत नाही.

पत्र्याचे रूळ पॉलिश पेपरने घासू नका, हात जोडून सांगतो. वरचा मुलामा गेला की आपल्या पावसाळ्यात पंधरा दिवसांत गंज. अल्कोहोल आणि सुती कापड, बास.

दोन रूळ का तीन, यावर लोक इतकं भांडतात की विचारू नका. दोन रुळांवर गाडी खरी दिसते हे मान्य, मधे करंटचे ते बुंदके दिसत नाहीत. पण मार्कलिनमध्ये बाहेरचे दोन्ही रूळ एकाच वायरचे असतात आणि दुसरा करंट मधल्या बुंदक्यांवरून इंजिनाच्या पोटाखालची पट्टी घासत घेते, त्यामुळे गाडी गोल फिरवून त्याच रुळावर उलट्या तोंडाने आणली तरी शॉर्ट होत नाही, आणि पट्टी घासत राहते म्हणून बुंदके आपोआप साफ होतात. धुळीच्या आणि दमट शहरात ही फार मोठी गोष्ट आहे. माझ्याकडे दोन्ही आहेत, पाहुणे आले की तीन रुळांची चालू करतो, कारण ती चालतेच. फक्त खरेदी करताना एक लक्षात ठेवा, तीन रुळांच्या डब्यांची चाकं मधून इन्सुलेट केलेली नसतात, ती दोन रुळांवर ठेवली की शॉर्ट. उलटं बहुतेक वेळा चालून जातं, पण जुन्या पत्र्याच्या सांध्यांवर (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथे) अडकू शकतं, तेव्हा मित्राकडून उसना आणलेला डबा आधी हाताने ढकलून बघा.

आता तिसरा प्रश्न, बीआर ०१, राइनगोल्ड आणि ब्लॅक फॉरेस्ट. आधी हिशोब करू. तुमच्या पेटीचा साइझ एचओ, म्हणजे १:८७. खरं ०१ इंजिन टेंडरसकट (मागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्यासकट) जवळजवळ २४ मीटर, म्हणजे मॉडेल साडेसत्तावीस सेंटीमीटर. युद्धानंतरचा लांब एक्सप्रेस डबा २६.४ मीटर, म्हणजे ३०.३ सेंटीमीटर. इंजिन आणि पाच डबे जोडले की १७९ सेंटीमीटर. तुमचं टेबल १८३. म्हणजे गाडीचं तोंड एका टोकाला आणि शेपूट दुसऱ्या टोकाला, ती प्रवास करत नाही, नुसती उभी राहते. कंपन्यांना हे माहीत आहे म्हणूनच ते डबे लांबीला आखडून १:९३.५ किंवा १:१०० चे विकतात, तरी फरक पडून पडून किती पडणार. वळणाचं त्याहून वाईट. तुमच्या पेटीतलं मोठं वळण ४३.७ सेंटीमीटर त्रिज्येचं असेल, खऱ्यात ते ३८ मीटर होतं. खरी ब्रँच लाइनसुद्धा १८० मीटरच्या खाली सहसा जात नाही, आणि ते १८० मीटर मॉडेलमध्ये करायचं तर दोन मीटर त्रिज्या लागेल, म्हणजे चार मीटरची खोली एका वळणात संपली. आपण सगळेच खोटं करतो, पण छोट्या गाडीला ते खोटं पचतं, ०१ ला पचत नाही, वळणावर डबे अर्धे बाहेर लोंबकळतात.

आणि डोंगर. एका रुळावरून दुसरा न्यायचा तर निदान ७ सेंटीमीटर उंची हवी. ३ टक्क्यांच्या वर चढ दिला की जुनी इंजिनं धापा टाकतात. ३ टक्क्यांनी ७ सेंटीमीटर चढायला २३३ सेंटीमीटर लागतात आणि उतरायला तेवढेच, झाले ४६६. तुमच्या टेबलावर मोठ्यात मोठा ओव्हल जेमतेम साडेचार मीटरचा होतो. म्हणजे स्टेशनला सपाट जागाच उरली नाही. हे मी तेव्हा कागदावर केलं असतं तर माझा अख्खा प्लाय वाचला असता.

शिवाय एक गोष्ट कोणी सांगत नाही. राइनगोल्ड ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरात चढतच नव्हती! ती १५ मे १९२८ ला सुरू झाली, हॉलंडच्या हुक व्हॅन हॉलंड बंदरापासून स्वित्झर्लंडच्या बाझलपर्यंत, जांभळे आणि क्रीम रंगाचे डबे, पुढे बव्हेरियाचं एस ३/६ इंजिन, आणि रस्ता ऱ्हाइनच्या काठाकाठाने, ब्लॅक फॉरेस्ट डाव्या हाताला दिसतं तेवढंच. डोंगरातली खरी लाइन वेगळी, ऑफेनबुर्गहून झिंगेनला जाणारी, रोबेर्ट गेर्विग या इंजिनिअरची, १८७३ ला पूर्ण झाली, ट्रिबेर्गच्या आसपास वेटोळी घेत २० दर हजारी चढते. मग सगळ्यांच्या टेबलावर ब्लॅक फॉरेस्टच का असतं? माझा आपला अंदाज सांगतो. प्लास्टिकची घरं बनवणारी फालर कंपनी १९४६ पासून ब्लॅक फॉरेस्टमधल्या ग्युटेनबाखची, त्यांनी खिडकीतून दिसलं ते बनवलं, उतरती मोठी छपरं आणि लाकडी गॅलऱ्या, आणि जगभरच्या पोरांना वाटलं अख्खं जर्मनी असंच.

मार्कलिनचं गाव ग्यॉपिंगेन, तेही स्टुटगार्ट ते उल्म लाइनवर. १८५९ ला सुरुवात केली ती पत्र्याच्या भातुकलीपासून, बाहुलीच्या स्वयंपाकघरातली भांडी वगैरे. १८९१ ला लाइपझिगच्या जत्रेत त्यांनी ठरावीक मापाच्या तुकड्यांचे रूळ आणले, म्हणजे या वर्षी गोल घ्या, पुढच्या नाताळला सांधा घ्या, त्याच्या पुढच्या वर्षी यार्ड. बाकीचे इंजिन विकत होते आणि यांनी न संपणारी गोष्ट विकली. तुमच्या काकांच्या पेटीचा हा साइझ त्यांनी १९३५ ला आणला. त्याच लाइनवर ग्यॉपिंगेनच्या पुढे गाइस्लिंगेनचा घाट आहे, १८५० चा, चढ १:४४. आपला बोरघाट १:३७, म्हणजे आपलाच कडक. पण पद्धत तीच, कर्जतला जशी मागून बँकर इंजिनं लागतात तसं गाइस्लिंगेनला मागून ढकलायला इंजिन लागायचं. मला हे कळलं त्या दिवशी पहिल्यांदा जर्मन रेल्वे परकी वाटायची थांबली. माझं सध्याचं मोठं काम तोच घाट आहे, पण त्याला अख्खी भिंत दिलीय, सव्वापाच मीटर, आणि अजून झालेलं नाही.

तर तुम्ही काय करा. रेल्वे बनवायचं डोक्यातून काढा आणि एक स्टेशन आणि एक साल बनवा. माझ्याकडे सांगण्यासारखी खरी गोष्ट एवढीच आहे, बाकी सगळं त्यातून आपोआप निघतं. मी म्हणेन दक्षिण जर्मनीतलं, स्टुटगार्टच्या आजूबाजूचं छोटं ब्रँच लाइनचं स्टेशन, साल १९५८. नाव तुम्हीच ठेवा, खरं नाव दिलं की खिडक्या मोजायला लोक येतात.

१९५८ च का? जर्मन मॉडेलवाल्यांनी इतिहासाचे कप्पे केलेत, त्याला ते एपोखं म्हणतात. पहिलं १९२० पर्यंत, वेगवेगळ्या राज्यांच्या रेल्वे आणि रंगीबेरंगी इंजिनं. १९२० ला सगळ्या मिळून राइशबान झाली तिथून १९४५ पर्यंत दुसरं. तिसरं साधारण १९७० पर्यंत, पश्चिम जर्मनीत बुंडेसबान आणि पूर्व जर्मनीत राइशबानच. मग चौथं, पाचवं असं पुढे. तिसऱ्याच्या मधोमध सगळं एकत्र सापडतं, राजाच्या काळातली वाफेची इंजिनं अजून राबतायत, नवीन डिझेल आलंय, रस्त्यावर बीटल गाड्या दिसायला लागल्यात. आणि ३ जून १९५६ ला तिसरा वर्ग रद्द झाला, तेव्हा ५८ साल घेतलं की डब्यावर ३ आकडा दिसला रे दिसला की तो डबा बाद, निवड सोपी होते. १९६८ च्या सुरुवातीला इंजिनांना कॉम्प्युटरचे नंबर मिळाले, ३८ १७७२ होतं त्याचं ०३८ ७७२-० झालं, डिझेलचं व्ही २०० होतं ते २२० झालं. म्हणजे इंजिनाचा नंबर शून्याने सुरू होत असेल आणि शेवटी डॅश देऊन एक आकडा असेल तर ते तुमच्या स्टेशनसाठी नाही, दुकानदार कितीही गोड बोलू दे. हे ०३८ ७७२, प्रशियाच्या पी ८ जातीचं, रॉटवाइलला १९७४ च्या शेवटापर्यंत टिकलं होतं, बुंडेसबानमधलं या जातीचं शेवटचं. काका तेव्हा स्टुटगार्टला असतील तर त्यांनी रॉटवाइलच्या बाजूला कधी वाफेचं इंजिन पाहिलं का हे जरूर विचारा, असे आठवणीतले तपशील फार कामाला येतात. बुंडेसबानची वाफ नंतर तीनेक वर्षांत, २६ ऑक्टोबर १९७७ ला, राइनेला संपली.

दुसऱ्या कप्प्याबद्दल एक बोलून घेतो. १९३३ ते ४५ ची मॉडेल्स मिळतात, गरुडाचं चिन्ह असलेली, आणि इंजिनं दिसायला देखणी आहेत यात वाद नाही, ११ मे १९३६ ला ०५ ००२ ने २००.४ किलोमीटरचा वेग गाठला तो याच काळात. पण याच राइशबानच्या साध्या मालडब्यांतून लाखो ज्यूंना छळछावण्यांत नेलं गेलं, तोच डबा आपण हौसेने टेबलावर फिरवतो. कोणी तो काळ करू नये असं मी म्हणत नाही, पण मला तिथे गंमत करता येत नाही. म्हणून मी एकतर १९२८ करतो नाहीतर १९५८.

मग या स्टेशनात गाड्या कुठल्या. तुमचं ८९ शंटिंगला ठेवा, काकांचं आहे, ते तिथे खरं असायचं का हा प्रश्न घरात कोणी विचारणार नाही. मुख्य इंजिन बीआर ६४ घ्या, छोट्या लाइनीसाठीच बनलेलं टँक इंजिन, १९२८ ते १९४० मध्ये ५२० बनली, जर्मन त्याला बुबिकॉफ म्हणायचे म्हणजे बॉबकट केलेली पोरगी. लांबी १४ सेंटीमीटर. त्यामागे उमबाउवागेन, म्हणजे जुन्या लाकडी डब्यांच्या सांगाड्यावर १९५० च्या दशकात नवीन पत्र्याची बॉडी चढवलेले तीन चाकजोड्यांचे डबे, हे कायम जोडीने असायचे, एकेक १५ सेंटीमीटर. इंजिन आणि दोन जोड्या मिळून ७५ सेंटीमीटर. बघा, टेबलावर गाडीच्या पुढे-मागे मोकळा रूळ दिसायला लागला, आता ती कुठून तरी कुठे तरी जाते. दुपारच्या फेरीला लाल रेलबस, युर्डिंगेनची, बसचीच बहीण, तोट्यातल्या कितीतरी छोट्या लाइनी तिने तगवल्या. हे दोन झाले की प्रवासी गाड्यांचा विषय संपला. ०१ चा मोह होईल. झालाच तर बीआर ०१ साठी एन स्केल घ्या, १:१६०, तीच गाडी ९७ सेंटीमीटर होते. पण मग ही पेटी बाजूला ठेवायची.

खरी मजा मालगाडीत आहे आणि नवीन माणूस तिकडेच दुर्लक्ष करतो. छोट्या स्टेशनात एक गुड्स शेड, एक उघडा चढ-उताराचा रस्ता, शेतकऱ्यांच्या सोसायटीचं गोदाम, एक कोळशाचा व्यापारी. सकाळी मालगाडी आली की गोदामाची बंद वाघिण, कोळशाची उघडी वाघिण, शरद ऋतूत बीटची वाघिण, प्रत्येक आपापल्या जागी लावायची आणि कालची रिकामी उचलायची. मधे प्रवासी गाडीची वेळ होतेय, लूप (गाड्या एकमेकींना ओलांडतात तो बाजूचा रूळ) मोकळा करायचाय. तीन सांधे आणि सहा वाघिणींत एक तास कसा जातो कळत नाही. गोल गोल फिरणारी गाडी पोरं दहा मिनिटं बघतात आणि मोबाइल काढतात, शंटिंगला मात्र भांडतात. ओव्हलची मागची बाजू टेकडीखाली लपवा, तिथे दोन रूळ, एक गाडी आत थांबलेली असेल तेव्हा दुसरी बाहेर. वळणंही त्याच टेकडीत गाडा. टेकडीला मागून हात जाईल एवढं भोक ठेवा, कारण गाडी घसरते ती बोगद्यातच. आणि टेबल भिंतीला चिकटवू नका, चार फूट आत कोणाचाच हात जात नाही, खाली चाकं लावा.

आता आपल्या डोळ्यांनी होणाऱ्या चुका, या सगळ्या मी केल्यात. आपल्याकडे गाड्या डावीकडून जातात, तिकडे उजवीकडून, रस्त्यावरसुद्धा. माझ्या पहिल्या लेआउटमध्ये डबल लाइनवर दोन्ही गाड्या छान डावीकडून जात होत्या आणि तीन वर्षं मला काही खटकलं नाही, मग एक जर्मन पाहुणा आला, बराच वेळ बघत राहिला आणि हळूच विचारलं, रुळांचं काम चालू आहे का म्हणून उलट्या बाजूने सोडताय! फलाटाचंही तसंच. आपले फलाट उंच, आपल्या डोळ्यांना तेच बरोबर वाटतं. तिकडचे जुने छोटे फलाट ३८ सेंटीमीटरचे किंवा त्याहूनही बुटके, १:८७ मध्ये साडेचार मिलिमीटर सुद्धा नाहीत, लोक पायऱ्या चढून डब्यात जायचे. जुना हाताचा सिग्नल तिकडे मोकळा म्हणजे हात वर, आपल्याकडे बऱ्याच जुन्या सिग्नलचा हात खाली पडायचा. तुमच्या स्टेशनला तर बाहेरचा सिग्नलच नको, साध्या ब्रँच लाइनला काळ्या काठाची पांढरी चौकोनी पाटी असायची, वर अरुंद खाली रुंद, गाडी तिथे थांबायची आणि बोलावलं की आत यायची. पाटी पुठ्ठ्यात पाच मिनिटांत होते, आणि ती दिसली की जाणकार माणूस खूष होतो.

निसर्गाचं सामान परदेशातून मागवायला जाऊ नका. दिवाळीचा किल्ला केलाय ना? मग तुम्हाला अर्धं येतंच, पोत्याऐवजी थर्माकोल आणि वर प्लास्टर लावलेलं कापड. खाली मात्र मरीन प्लाय घ्या आणि दोन्ही बाजूंनी रंग लावा, एकच बाजू रंगवली की पावसाळ्यात पापडासारखा वाकतो. माती म्हणून वाळवलेला चहाचा चोथा, मैद्याच्या चाळणीने चाळून. आपली लाल माती वापरू नका, दिसते सुंदर पण बघणाऱ्याला लगेच रत्नागिरी आठवते. खडीवर पाणी मिसळलेला फेव्हिकॉल, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, म्हणजे तो थेंबासारखा वर बसत नाही, आत झिरपतो. झाडं सूचिपर्णी करा, बाटली धुवायच्या ब्रशवर हिरवा भुसा. खरं स्प्रूस ३० मीटरचं म्हणजे मॉडेल ३४ सेंटीमीटर, एवढं उंच केलं तर स्टेशन खेळण्यासारखं वाटतं, १५ सेंटीमीटरवर थांबा. घरांची छपरं विटकरी, भिंती फिक्या, आणि सगळ्याला थोडी धूळ, नवीन प्लास्टिकची चमक सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवते.

जुनं काही विकत घेणार असाल तर एक आजार ओळखायला शिका, झिंक पेस्ट, लेपातलं पेस्ट नव्हे, जस्ताची कीड. युद्धाच्या आधीच्या आणि आसपासच्या काही ओतीव भागांत शिशाची भेसळ राहून गेली होती, तो धातू आतून फुगतो, तडे जातात आणि एक दिवस बिस्किटासारखा तुटतो. दमट हवेत हे जोरात होतं. औषध नाही. बॉडी वाकलेली वाटली, पृष्ठभागावर केसासारख्या भेगा दिसल्या तर कितीही स्वस्त मिळू दे, हात लावू नका. फोटोत हे दिसत नाही, म्हणून विकणाऱ्याला फ्रेमची बाजू सरळ पट्टीला लावून फोटो पाठवायला सांगा. तुमची पेटी १९७० ची आहे त्यामुळे तिला हा धोका फारसा नाही. तिला धोका आहे तो पेटीतल्या फोमचा, जुना फोम विरघळून रंगाला चिकटतो, तो आजच काढून टाका आणि डबे मऊ सुती कापडात गुंडाळा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, जूनच्या आधी बदलायच्या.

आणि एक, जाता जाता, कारण कोणीतरी विचारणारच की यात आपलं काय. माथेरानची १९०७ ची गाडी ज्या वाफेच्या इंजिनांनी चालवली ती बर्लिनच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलची होती, नंतर आलेली डिझेलं युंगची, तीही जर्मनच. तुमचं जर्मन स्टेशन झालं की बाजूला दगडाच्या खाणीची फील्ड रेल्वे करता येईल, साडेसहा मिलिमीटरच्या रुळावर, बुश कंपनीचं सामान मिळतं. पण ते पुढच्या वर्षी.

या शनिवारी फक्त इंजिन उघडा. मोठ्या स्टीलच्या ताटात पांढरा रुमाल अंथरून त्यावर उघडा, पंखा बंद करा, आणि एखादा स्क्रू उडालाच तर झाडू मारू नका, कपाटाचं लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून फरशीवरून फिरवा. झिंक पेस्टची शंका आली किंवा ब्रशची बाजू विसरलात तर मोटरचा जवळून फोटो टाका, सांगतो.